पुढच्या मिस्त्रीसाठी राखलेलं लोखंड

राळेगावात कापसाचा हंगाम दिवाळीच्या मागंपुढं सुरू होतो आणि उन्हं तापेपर्यंत जिनिंगच्या टिनांखाली सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांचा आवाज थांबत नाही. मी तिथं फिटर आहे. रेच्याच्या कातडी रोलरला खाचा पाडायच्या, चाकूचं सेटिंग फीलर गेजनं बसवायचं, बेअरिंगं बदलायची, पट्टे ताणायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. हंगाम सरला की उन्हाळा बऱ्यापैकी मोकळा असतो. अशाच मोकळ्या उन्हाळ्यांत मी घरामागच्या शेडमध्ये १९७८ सालच्या एका प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उतरवलं, सुटं केलं, धुतलं, मोजलं आणि पुन्हा बांधलं.

गाडी गावातल्या एका डॉक्टरांची. त्यांनी ती कळंब, वडकी, हिंगणघाट अशी सगळीकडं फिरवलीच, शिवाय रात्री-अपरात्री पांदणीतूनही नेली. घरात दुसरी गाडी आल्यावर ती गोठ्याशेजारी उभी राहिली आणि पुढं त्यांच्या मुलांनी मला दिली. पत्रा ठीक होता. इंजिन मात्र थंड असतानाच निळा धूर मारायचं, ऑइल खायचं आणि चढावर दम सोडायचं.

या इंजिनाची कुळकथा सांगायलाच हवी, कारण माझं पुढचं सगळं काम तिच्याच आधारानं झालं. इटलीतल्या तुरीनमध्ये फियाटच्या दांते जिआकोसा या अभियंत्यानं १९३७ साली ५०८ सी ही गाडी उभी केली. तिच्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर, मिळून १०८९ सीसी. १९५३ साली आलेल्या फियाट ११०० मध्ये हीच मापं होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बांधायला घेतली. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ झाली, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’, आणि २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत पेट्रोल गाडीतली मापं तीच राहिली. इटलीत फियाटनं १९६२ मध्ये १२२१ सीसीचं इंजिन घातलं. आपल्याकडं १०८९ वरच गाडी चालली. लायसन्सच्या जमान्यात आपण मागं पडलो याचा पुरावा म्हणून लोक हे सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण टेबलावर सुटे भाग मांडून बसलेल्या माणसाला त्याची दुसरी बाजू दिसते. इतकी वर्षं माप न बदलल्यामुळं पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसकडच्या दुकानांत अजून पिस्टन सापडतो, रिंगा सापडतात, गास्केटचा सेट सापडतो.

आणि मापांच्याही आत एक गोष्ट आहे, जिच्यामुळं मला हे इंजिन मनापासून आवडतं. ते दुरुस्त होणार हे गृहीत धरूनच आखलेलं आहे. ब्लॉकच्या भिंती जाड ठेवल्या आहेत. सिलिंडर झिजला की बोरिंग मारून तो थोडा मोठा करायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन घालायचा. क्रँकच्या जर्नलांचंही, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांचंही, तसंच: ग्राइंड करून ०.२५४ मिलिमीटरनं, म्हणजे इंचाच्या दहा सहस्रांशानं बारीक करायचं आणि त्या मापाचं बेअरिंग घालायचं. पुन्हा झिजलं तर आणखी एक पायरी. मिस्त्री लोक या पायऱ्यांना टेन, ट्वेंटी, थर्टी, फॉर्टी म्हणतात. तुरीनच्या त्या माणसानं नकाशा काढताना, आपल्याला कधीच भेटणार नाही अशा कुणा मिस्त्रीसाठी लोखंड राखून ठेवलं. ते किती वापरायचं आणि किती आणखी पुढच्यासाठी सोडायचं, हाच माझ्या कामातला खरा प्रश्न होता.

हेड उतरवण्यापासून सुरुवात केली. ते ॲल्युमिनियमचं आहे, ब्लॉक बिडाचा. दोन वेगळ्या धातूंमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं जड पाणी खेळलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. नट बाहेरून आत थोडे थोडे ढिले करत गेलो आणि सांध्यांत तेल सोडून दोन्ही धातूंना वेळ दिला. हेड हलत नाही म्हणून फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटणारे मी पाहिले आहेत. त्या एका झटक्यात पडलेला चरा नंतर गास्केट फोडत राहतो.

धुण्याच्या बाबतीत तर मी हट्टीच आहे. वर्कशॉपमध्ये बिडाचे भाग कॉस्टिकच्या टाकीत उकळतात आणि ते झकास निघतात. त्याच टाकीत ॲल्युमिनियम टाकलं तर कॉस्टिक धातूच खायला लागतं. बुडबुडे येतात, तो हायड्रोजन असतो; भाग काळा पडतो आणि मापातून जातो. म्हणून हेड, पिस्टन, कार्बोरेटर हे सगळं मी घरीच धुतलं. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलवर भागवलं. कार्बन काढायला बांबूच्या कामट्या तासून घेतल्या आणि पितळी ब्रश वापरला. चिवट कार्बनवर डिझेल रात्रभर ठेवलं की सकाळी तो निम्मा कामटीनंच निघतो. पुसायला मात्र कापूस किंवा कॉटन वेस्ट कधीच नाही. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या घरात सरकीपासून रुईपर्यंत सगळं असतं, पण त्यातली एक तार जरी क्रँकच्या ऑइलच्या भोकात अडकली तर बेअरिंग कोरडं पडतं. जुन्या धोतराचे, अनेकदा धुऊन तंतू गेलेले तुकडे, तेवढेच.

पिस्टन बाहेर आले तेव्हा शेजारच्या आळीतले मिस्त्रीकाका येऊन बसले. त्यांची उमर ऑइल इंजिनांवर गेलेली. वीज शेतापर्यंत पोचायच्या आधी आपल्या भागातल्या विहिरींवर किर्लोस्करची इंजिनं धडधडायची. त्यांचे स्लीव्ह-पिस्टन बदलत या माणसाचे हात तयार झाले.

“भाऊ, नागपूरले तयार हाफ इंजिन भेटते. कायले एवढा जीव काढता?”

“काका, आधी मोजू तर द्या.”

“मोजा ना. पन पयले बोटानं पाहा. बोट खोटं बोलत नाई.”

त्यांनी सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख घासलं. नख अडकलं. तिथं कडा होती: जिथपर्यंत वरची रिंग पोचते तिथपर्यंत भिंत झिजलेली आणि त्याच्या वर मूळची शाबूत. खाली जावं तसं नख गुळगुळीत सरकत होतं. बोअर गेज लावला तेव्हा आकड्यांनी तेच सांगितलं. सर्वांत जास्त झीज ०.११ मिलिमीटर, वरच्या भागात, आणि बहुतेक एकाच बाजूला. इंजिन ओढताना पिस्टन ज्या भिंतीवर रेलतो त्या बाजूला. पिस्टनच्या डोक्यावर ०.४ खोदलेलं होतं. म्हणजे एकदा बोरिंग होऊन गेलेलं.

मग क्रँक मोजला. तिथं आम्ही दोघंही थांबलो. जर्नल चकचकीत, नखाला लागेल असा ओरखडा नाही, मायक्रोमीटरला गोलाईत फरक जेमतेम. बेअरिंगचे शेल मात्र जुने झाले होते. वर एवढी झीज आणि खाली एवढी शांतता, हे कसं?

याचं उत्तर हवेत होतं. माती ऑइलमधून आली असती तर आधी क्रँक आणि बेअरिंगं गेली असती. ती वरून, हवेबरोबर आली की पहिला मार वरच्या रिंगेला आणि सिलिंडरच्या वरच्या भागाला बसतो. एअर क्लीनरचं भांडं उचलून पाहिलं. त्याच्या बुडाचं रबर कडक होऊन तुटलेलं, आणि त्याच ठिकाणी आतल्या बाजूला पिठासारख्या बारीक धुळीचा पट्टा. उन्हाळ्यात आपल्या पांदणीतून एखादी गाडी पुढं गेली की मागच्याला रस्ता दिसत नाही. मुरमाची आणि काळ्या मातीची ती धूळ वर्षानुवर्षं त्या फटीतून इंजिनानं ओढली. डॉक्टर रात्री कोणत्या वाटांनी गेले, ते त्या सिलिंडरच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. थेट नवीन हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन जोडलेलं तयार खालचं इंजिन, आणून बसवलं असतं तर ते कारण भांड्याखाली तसंच राहिलं असतं आणि नव्या इंजिनालाही त्यानं खाल्लं असतं.

मोजण्याविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. मे महिन्यात दुपारी आमच्या टिनाखाली ४५ अंश असतात. बीड आणि मायक्रोमीटरचं पोलाद जवळपास सारखंच फुगतं, त्यामुळं ब्लॉक मोजताना फारसं बिघडत नाही. पण पिस्टन ॲल्युमिनियमचा. तो त्याच उष्णतेत जवळपास दुप्पट फुगतो. ६८ मिलिमीटरच्या पिस्टनला २५ अंशांच्या फरकात हा जादा फुगवटा सुमारे ०.०२ मिलिमीटर होतो. पिस्टन आणि सिलिंडरमधली फटच मुळी मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. म्हणजे दुपारी मोजून ‘फट बरोबर आहे’ म्हणणारा माणूस आणि पहाटे मोजून ‘थोडी जास्त आहे’ म्हणणारा माणूस, दोघंही एकाच पिस्टनबद्दल बोलत असतात. मी सगळे भाग रात्रभर एका लाकडी फळीवर शेजारी शेजारी ठेवत असे आणि सूर्य वर यायच्या आत मोजत असे. त्यांच्यासोबत मायक्रोमीटरही तिथंच झोपलेला असे.

बोरिंग घरी होत नाही. त्यासाठी ब्लॉक शहरातल्या वर्कशॉपमध्ये न्यावा लागला. तिथं सल्ला मिळाला की सगळ्या सिलिंडरांना स्लीव्ह टाका, एकदम कंपनीच्या मापावर आणून देतो, पुन्हा बघायलाच नको. स्लीव्ह म्हणजे सिलिंडरात नवी नळी बसवणं; ते चांगलं काम आहे. माझा त्याला विरोध नाही. पण स्लीव्ह टाकायचा म्हणजे ब्लॉकची भिंत एकदम खूप कापायची. तुरीनच्या त्या माणसानं राखलेलं लोखंड एका दिवसात भुशात घालवायचं. झीज ०.११ असताना ०.६ च्या पिस्टनवर बोअर साफ निघतो, हे आकड्यांतून दिसत होतं. मी तोच आग्रह धरला. नाना पेठेतून आणलेले पिस्टन सोबत नेले होते, आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापानं काढून घेतला. एक ते चार असे आकडे पिस्टनवर आणि ब्लॉकवर घातले. शेवटी होनिंगनं भिंतीवर तिरक्या जाळीच्या रेघा आल्या. ऑइल त्याच रेघांत धरून राहतं. स्लीव्हचा रस्ता पुढच्यासाठी मोकळा राहिला.

क्रँकला ग्राइंडरवर चढवू दिलं नाही. फक्त पॉलिश केलं आणि त्याच मापाचे नवे शेल घातले. ‘उतरलाच आहे तर घासून घेऊ’ हे वाक्य वर्कशॉपमध्ये सर्रास ऐकू येतं. चांगल्या क्रँकची एक पायरी अशी उगाच संपवणं मला पटत नाही. तो क्रँक दिसायला आणखी चमकेल, पण त्याचं आयुष्य तेवढं कमी होईल.

घरी आल्यावर रिंगा. प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरात उलट्या पिस्टननं सरळ ढकलायची आणि दोन टोकांमधली फट फीलर गेजनं पाहायची. जुना ठोकताळा असा की बोअरच्या दर इंचाला तीन-चार सहस्रांश इंच. ६८ मिलिमीटरला ते ०.२ ते ०.२७ मिलिमीटरच्या आसपास येतं. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते किंवा भिंत ओरबाडते. कमी आली त्या रिंगेचं टोक बारीक कानशीनं एकाच दिशेनं, थोडं थोडं घासलं. हे काम रेच्याच्या चाकूच्या सेटिंगसारखंच आहे; हाताला सवय होती.

व्हॉल्व्ह घासणं हे मात्र मला सगळ्यांत आवडलेलं काम. सीटवर पेस्टचे दोन-तीन ठिपके, काठीची रबरी वाटी व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवलेली, आणि दोन्ही तळहातांमध्ये काठी रवीसारखी फिरवायची. मधे मधे उचलून जागा बदलायची. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो, मग मऊ होत जातो. पुसून पाहिलं की सीटवर आणि व्हॉल्व्हवर सारख्या रुंदीचं, न तुटलेलं राखाडी वलय दिसायला हवं. खात्रीसाठी पेन्सिलीनं सीटवर आडव्या रेघा मारायच्या, व्हॉल्व्ह बसवून पाव फेरा द्यायचा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तर व्हॉल्व्ह चौफेर टेकतो आहे. मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये डिझेल ओतलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. एका एक्झॉस्टमधून पाझर आला. तो व्हॉल्व्ह पुन्हा घेतला.

एक्झॉस्टच्या सीटकडं जास्त लक्ष देण्याचं कारण आहे. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, आणि त्याचा पातळ थर या सीटला जपायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. ते हवेसाठी, लेकरांसाठी योग्यच झालं. जुन्या इंजिनाला त्यामुळं एक्झॉस्टचं टॅपेट अधूनमधून तपासावं लागतं, एवढंच. सीट खाली बसू लागली की टॅपेटची फट कमी होत जाते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे. ते जुन्या रबराला फुगवतं आणि पाणी ओढतं. फ्युएल पंपाचा डायाफ्राम आणि पेट्रोलचे पाइप मी इथेनॉल सोसणारे घातले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवतो. जेटमध्ये तार कधी घालत नाही. भोक कणभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. डिझेल आणि हवेचा पंप पुरतो.

पाण्याचे मार्ग साफ करायला सर्वांत जास्त धीर लागला. कोअर प्लग काढले तर चौथ्या सिलिंडरच्या मागं लाल चिखल आणि क्षार घट्ट बसलेला. पंपापासून तो कोपरा सगळ्यांत लांब, तिथं पाणी मंदावतं आणि गाळ बसतो. ‘ही गाडी उन्हाळ्यात गरम होतेच’ असं पद्मिनीबद्दल सगळे म्हणतात. माझं मत असं की अर्धा दोष त्या कोपऱ्याचा असतो. वाकवलेल्या तारेनं, पाण्याच्या धारेनं, पुन्हा तारेनं, असा तो निघाला. आता विहिरीचं पाणी बंद. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, जेणेकरून हेडचं ॲल्युमिनियमही खाल्लं जाणार नाही.

इंजिन बांधायच्या दिवशी मिस्त्रीकाका आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. टायमिंग चेनच्या खुणा त्यांनी जुळवल्या, मी त्या टॉर्च धरून पाहिल्या. हेडचे नट मधून बाहेर, टॉर्क पान्यानं, तीन टप्प्यांत आवळले. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. वायरी लावताना काका ती मोठ्यानं म्हणत होते.

“भाऊ, चोक लावा. एक डाव फिरवा.”

ऑइलचा दाब आला, मग इंजिन पेटलं. काका दोन मिनिटं नुसते कान देऊन उभे राहिले आणि मग म्हणाले, “टॅपेट वाजते, वाजू द्या थोडं. न वाजनारं टॅपेट जळते.”

सुरुवातीचे काहीशे किलोमीटर मी गाडी वडकीपर्यंत आणि परत, मोकळ्या रस्त्यावर, वेग कमी-जास्त करत चालवली. एकाच वेगानं चालवलं तर रिंगा नीट बसत नाहीत. धूर गेला. पहिलं ऑइल लवकर बदललं आणि ते लोहचुंबक घातलेल्या भांड्यात ओतलं. बारीक राखाडी पूड आली, कण नव्हते. एअर क्लीनरच्या बुडाला नवं रबर आहे आणि ते मी दर महिन्याला बोट फिरवून पाहतो.

मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या हटल्या. इतक्या गाड्या रोज चालायच्या म्हणून तर त्यांचं सामान बनत राहिलं. यापुढं ते दुर्मिळ होत जाणार. म्हणून मी पिस्टनच्या रिंगांचा एक जादा सेट, दोन हेड गास्केट आणि पाण्याच्या पंपाचं किट घेऊन ठेवलं आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. ही गाडी २०२८ मध्ये त्या वयाची होईल. पण तशी नोंदणी घेतली तर ती रोजच्या वापरात चालवता येत नाही, आणि मला ती बाजाराच्या दिवशी कळंबला न्यायची असते. तेव्हा घाई नाही.

एका वहीत सगळी मापं लिहिली आहेत: बोअर ०.६, प्रत्येक सिलिंडरची फट, क्रँकचं आजचं माप आणि त्याच्या शिल्लक पायऱ्या, कोणत्या व्हॉल्व्हची सीट किती रुंद. वहीची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे. यंदाचा हंगाम संपला की गिअरबॉक्स उघडायचा आहे. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो घासतो, आणि काकांचं म्हणणं आहे की तोही आधी मोजूनच पाहावा.